परिदृश्य आणि प्रदक्षिणा : ऐतिहासिक वास्तू व निसर्गदृश्यांच्या पॅनोरामा छायाचित्रणाची चिकित्सा
(यवतमाळ जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

ऐतिहासिक वास्तू आणि निसर्गदृश्ये यांचे दर्शन घडविण्यासाठी पॅनोरामा छायाचित्रणाला आज मोठी प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. सर्व दिशा एकाच चित्रात सामावून घेणारी ही पद्धती 'संपूर्ण दर्शना'चा दावा करते. प्रस्तुत लेखात या दाव्याची चिकित्सा केली आहे. पॅनोरामात पाहणारा केंद्रस्थानी असतो आणि जग त्याच्याभोवती फिरते. भारतीय मंदिरस्थापत्यात वास्तू केंद्रस्थानी असते आणि पाहणारा तिच्याभोवती फिरतो. या मूलभूत विरोधाचे परिणाम यवतमाळ जिल्ह्यातील हेमाडपंती मंदिरे, कळंब येथील चिंतामणी मंदिर आणि पैनगंगेच्या खोऱ्यातील भूदृश्ये यांच्या आधारे तपासले आहेत. पॅनोरामाचे सामर्थ्य कोठे आहे आणि त्याची मर्यादा कोठे सुरू होते, हे निश्चित करणे हा लेखाचा उद्देश आहे.

बीजसंज्ञा : पॅनोरामा, परिदृश्य, प्रदक्षिणा, हेमाडपंती वास्तू, भूदृश्य, दस्तऐवजीकरण, वऱ्हाड.

१. प्रस्तावना

एखादी वास्तू महत्त्वाची असते म्हणून तिचे छायाचित्र घेतले जाते, असे सामान्यतः मानले जाते. व्यवहारात याच्या उलट प्रक्रियाही तितकीच प्रबळ असते. जिचे छायाचित्र चांगले येते ती वास्तू महत्त्वाची ठरू लागते. पर्यटन पुस्तिका, दिनदर्शिका, शासकीय जाहिराती आणि अलीकडच्या काळात मोबाइलचा पडदा या सर्वांनी मिळून वारशाची एक दृश्य-कसोटी तयार केली आहे. उंची, विस्तार, मोकळे आकाश आणि दूरवर पसरलेले क्षितिज हे तिचे घटक होत. पॅनोरामा हा या कसोटीचा सर्वांत लाडका आकृतिबंध आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्रापुरता मर्यादित नाही. १९०५ पर्यंत वणी (वूण) या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा वऱ्हाडच्या आग्नेय भागात, वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या दरम्यान वसलेला आहे. सह्याद्रीतील गडांसारखे उत्तुंग दुर्ग येथे नाहीत. येथील वारसा बुटका, काळ्या पाषाणाचा, बहुतांशी अंतर्मुख आणि अनेक ठिकाणी अर्धवट जमिनीत गेलेला आहे. २०२५ साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या 'मराठा लष्करी भूदृश्यां'तील बारा दुर्गांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत. त्यांतील एकही विदर्भात नाही. त्या यादीमागची ऐतिहासिक संगती वेगळी आहे आणि तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. तथापि महाराष्ट्राचा वारसा म्हणजे डोंगरमाथा व तटबंदी, हे समीकरण लोकमानसात दृढ झाले असताना, त्या समीकरणात न बसणाऱ्या वास्तूंकडे कोणत्या नजरेने पाहावे, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

२. 'पॅनोरामा' : संज्ञा आणि पूर्वपीठिका

'पॅनोरामा' ही संज्ञा 'सर्व' आणि 'दृश्य' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून अठराव्या शतकाच्या अखेरीस बनविण्यात आली. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ साली वर्तुळाकार चित्राच्या प्रदर्शनपद्धतीचे एकस्व घेतले आणि पुढे लंडनच्या लेस्टर चौकात त्यासाठी स्वतंत्र गोलाकार इमारत उभारली. प्रेक्षक मध्यभागी उंच मंचावर उभा राहत असे आणि सभोवतालच्या भिंतीवर अखंड चित्र पसरलेले असे. जेरेमी बेंथमने आपल्या गोलाकार तुरुंगाची कल्पना याच सुमारास मांडली, हा योगायोग अभ्यासकांनी अनेकदा नोंदविला आहे. एकात मनोरंजन आहे आणि दुसऱ्यात पाळत; परंतु मध्यावर उभ्या असलेल्या एका डोळ्याला सर्व काही दिसले पाहिजे, ही आकांक्षा दोहोंत समान आहे.

भारताचा या माध्यमाशी आलेला संबंध प्रारंभापासून सत्तेशी निगडित होता. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर अवघ्या वर्षभरात, १८०० साली, रॉबर्ट केर पोर्टर याने त्या हल्ल्याचे सुमारे १२० फूट लांबीचे चित्र लंडनमध्ये प्रदर्शित केले. १८५७ च्या उठावानंतर फेलिचे बिआतो याने १८५८ मध्ये लखनौ व दिल्ली येथे अनेक छायाचित्रे एकापुढे एक जोडून शहरांची विस्तीर्ण परिदृश्ये सिद्ध केली. दिल्लीचे परिदृश्य जामा मशिदीवरून घेतलेले आहे. जिंकलेले शहर त्याच्याच उंच वास्तूवर चढून न्याहाळण्याची ही रीत होती. मुंबईत १८७८ साली राजाबाई टॉवर पूर्ण झाल्यावर त्यावरून टिपलेली शहराची दृश्ये लोकप्रिय झाली. तेथे विजयाची जागा नागरी अभिमानाने घेतली, तरी दृष्टिबिंदू उंचावरचाच राहिला.

मराठीत पॅनोरामासाठी 'विहंगम दृश्य' हा शब्द रूढ झाला. 'विहंगम' म्हणजे आकाशात जाणारा, पक्षी. मूळ संज्ञेत उंचीचा निर्देश नाही. आपल्या शब्दाने मात्र उंची हीच अट करून टाकली. सपाटीवर उभे राहून स्वतःभोवती फिरवलेली नजर आणि आकाशातून खाली टाकलेली नजर या दोन भिन्न गोष्टी आहेत. मराठीत त्या एकाच शब्दाखाली आल्या. प्रस्तुत लेखात म्हणून पहिल्या प्रकारासाठी 'परिदृश्य' हा शब्द योजला आहे.

३. तंत्र आणि त्यातून घडणारी दृष्टी

पॅनोरामा दोन मार्गांनी साधला जातो. पहिल्यात छायाचित्रणाच्या वेळी भिंग किंवा संपूर्ण कॅमेराच फिरतो. विसाव्या शतकाच्या आरंभी आलेला 'सर्कट' कॅमेरा हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. शाळा, पलटणी आणि महाविद्यालये यांची लांबच लांब समूहचित्रे याच जातीच्या फिरत्या कॅमेऱ्यांनी काढली जात. दुसऱ्या मार्गात एका ठिकाणाहून थोडी थोडी दिशा बदलत अनेक छायाचित्रे घेऊन त्यांची सांधणी केली जाते. संगणकीय प्रणालींमुळे हे काम सुलभ झाले आणि पुढे ही सोय मोबाइलमध्येच आल्याने पॅनोरामा सर्वांच्या हाती आला.

या तंत्राच्या तीन गुणधर्मांचा विचार समीक्षेच्या दृष्टीने आवश्यक आहे.

पहिला गुणधर्म रेषेसंबंधीचा. फिरत्या दृष्टीने टिपलेले जग सपाट कागदावर उलगडताना सरळ आडव्या रेषा वक्र होतात. सरळ भिंत धनुष्यासारखी वाकलेली दिसते. संपूर्ण गोलाचे चित्र सपाट मांडल्यास त्याची लांबी उंचीच्या दुप्पट होते आणि छत व जमीन यांचा भाग अतोनात ताणला जातो. डोंगररांगेच्या चित्रात हा दोष लक्षात येत नाही, कारण डोंगराला सरळ रेषा नसते. वास्तूच्या चित्रात मात्र तो वास्तूच्या अर्थालाच बाधा आणतो.

दुसरा गुणधर्म खोलीसंबंधीचा. जवळची आणि दूरची वस्तू, डोळा थोडा सरकताच, परस्परांच्या तुलनेत जागा बदलताना दिसतात. हाच स्थानभेद खोलीची जाणीव करून देणारा एक महत्त्वाचा आधार आहे. सांधणीच्या वेळी मात्र हा स्थानभेद अडथळा ठरतो. म्हणून कुशल छायाचित्रकार कॅमेरा भिंगाच्या नेमक्या बिंदूभोवती फिरवून तो नाहीसा करतो. म्हणजेच निर्दोष पॅनोरामाची पहिली अट खोलीच्या एका मुख्य खुणेचा त्याग ही आहे.

तिसरा गुणधर्म काळासंबंधीचा. पॅनोरामा एका क्षणाचा भासतो, परंतु तो अनेक क्षणांचा बनलेला असतो. मधल्या काळात माणूस चालत गेला तर तो दोनदा उमटतो किंवा अर्धा कापला जातो. हा दोष टाळण्यासाठी माणसे जाईपर्यंत थांबणे किंवा नंतर संगणकावर त्यांना पुसून टाकणे हा रूढ उपाय आहे. परिणामी वारसास्थळांचे पॅनोरामा बहुधा निर्मनुष्य असतात. ज्या मंदिरात रोज पूजा होते तेही त्यांत ओसाड पडल्यासारखे दिसते.

४. दुर्गदृश्यांचा आदर्श

मराठी वाचकाच्या मनातील पॅनोरामाची कल्पना घडविण्यात दुर्गांच्या हवाई छायाचित्रांचा वाटा मोठा आहे. उद्धव ठाकरे यांचे 'महाराष्ट्र देशा' (२०१०) हे पुस्तक या संदर्भात विचारात घेणे अपरिहार्य आहे. हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या या छायाचित्रांनी गड पाहण्याची एक नवी सवय वाचकाला लावली. तोपर्यंत गडाचे चित्र म्हणजे एखादा दरवाजा, एखादा बुरूज किंवा पायथ्याहून दिसणारी कड्याची आकृती असे. आकाशातून पाहिल्यावर गड हा भूरचनेचाच विस्तार आहे, हे प्रथमच इतक्या स्पष्टपणे प्रत्ययास आले. राजगडाचा बालेकिल्ला आणि त्यापासून फुटलेल्या पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या यांचा परस्परसंबंध जमिनीवरून एका दृष्टिक्षेपात कळत नाही. आकाशातून तो तत्काळ उमगतो. तटबंदी डोंगराच्या धारेला कशी अनुसरते, हे सांगण्यासाठी लेखकाला अनेक परिच्छेद खर्ची घालावे लागतील. या प्रकारच्या छायाचित्रणाची ही निःसंशय सिद्धी आहे.

मात्र हीच दृष्टी दुर्गाचा एक अर्थ हिरावूनही घेते. शिवकालीन दुर्गांच्या गोमुखी दरवाजांची रचना शत्रूला दरवाजा अखेरपर्यंत दिसू नये, यासाठी केलेली असते. दोन बुरुजांच्या कवेत दडलेला हा दरवाजा वळण घेतल्यावरच समोर येतो. लपणे हाच त्या वास्तूचा अर्थ आहे. आकाशातील नजरेला काहीच लपवता येत नाही. त्यामुळे दुर्गाचे लष्करी चातुर्य तिच्यापुढे निष्प्रभ होते आणि केवळ आकार शिल्लक राहतो. चढणाऱ्याची दमछाक, अंतराची जाणीव आणि दरवाजाचे अनपेक्षित दर्शन यांना त्या चित्रात जागा नसते. गडाच्या बाबतीत हा तोटा सोसण्यासारखा आहे, कारण आकाराचा लाभ मोठा आहे. ज्या वास्तूंचे सर्वस्वच अंतर्भागात आणि भिंतींच्या तपशिलात असते, त्यांच्या बाबतीत हा हिशेब उलटतो.

५. वऱ्हाडातील दुसरी परंपरा : रॉबर्ट गिल

वास्तूंच्या छायाचित्रणाची याहून वेगळी परंपरा वऱ्हाडच्या परिसरात एकोणिसाव्या शतकातच अस्तित्वात होती. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींसाठी आलेला मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल पुढे छायाचित्रणाकडे वळला. त्याच्या प्रतिकृतींपैकी बहुतांश १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. त्याची छायाचित्रे मात्र उरली. १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह त्याचे पश्चिम भारतातील वास्तू व निसर्ग यांविषयीचे शंभर स्टिरिओ छायाचित्रांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. लोणारसारख्या वऱ्हाडातील स्थळांचीही छायाचित्रे त्याने घेतली.

स्टिरिओ छायाचित्रणात दोन डोळ्यांमधील अंतराइतक्या फरकाने घेतलेली दोन चित्रे विशिष्ट यंत्रातून एकत्र पाहिली जातात आणि खोलीचा प्रत्यय येतो. पॅनोरामा ज्या स्थानभेदाला दोष मानून नाहीसा करतो, त्याच स्थानभेदावर स्टिरिओचा संपूर्ण डोलारा उभा असतो. एक रुंदीची कला आहे, दुसरी खोलीची. लेणी आणि स्तंभयुक्त मंडप यांच्यासाठी गिलने खोलीची कला निवडावी, याला त्या काळातील स्टिरिओच्या लोकप्रियतेचे कारण आहेच. परंतु ती निवड विषयाशी सुसंगतही होती. अंधारातून पुढे येणारा स्तंभ, त्यामागील दुसरा स्तंभ आणि त्याच्याही मागे गर्भगृहाची चौकट, ही क्रमिकता रुंदीत व्यक्त होत नाही.

येथे अजिंठ्याचाच आणखी एक दाखला उपयुक्त ठरतो. सतराव्या लेण्यातील विश्वंतर जातकाचे चित्रण भिंतीवर पसरलेले आहे. ते एका जागी उभे राहून वाचता येत नाही. प्रेक्षकाला भिंतीबरोबर चालावे लागते आणि कथेतील तीच व्यक्ती त्याला पुनःपुन्हा भेटते. एकच माणूस चित्रात अनेकदा येणे हा पॅनोरामातील दोष. अजिंठ्यात ती कथनपद्धती आहे. विस्तीर्ण चित्राची परंपरा आपल्याकडे होती, परंतु तिच्यात पाहणारा स्थिर नव्हता.

६. प्रदक्षिणेची वास्तू : लोहारा आणि कळंब

यादव राजे महादेव व रामचंद्र यांचा मंत्री हेमाद्री याच्या नावाने ओळखली जाणारी हेमाडपंती शैली प्रत्यक्षात त्याच्यापेक्षा जुनी आहे. घडीव दगड चुन्याशिवाय परस्परांत बसवून उभारलेली अशी मंदिरे वऱ्हाडात विपुल आहेत. हेन्री कझिन्स याने १८९७ च्या मध्यप्रांत व वऱ्हाडच्या पुरातन अवशेषांच्या यादीत आणि पुढे १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात या वास्तूंचा पद्धतशीर परिचय करून दिला. यवतमाळ शहरालगत लोहारा येथील कमलेश्वराचे मंदिर हे या शैलीचे जिल्ह्यातील परिचित उदाहरण होय.

या शैलीची बाह्यभिंत सपाट नसते. ती टप्प्याटप्प्याने पुढे-मागे जाते आणि अनेक ठिकाणी तिचा विन्यास तारकाकृती होतो. पीठाचे आडवे थर या प्रत्येक कोनाबरोबर वळतात. त्यांवर पडणारी सावली दिवसभर सरकत राहते. भिंतीचे वळण पार केल्याशिवाय पुढचे देवकोष्ठ दिसत नाही. म्हणजे वास्तूने आपले दर्शन क्रमाने द्यावे आणि पाहणाऱ्याने ते चालत घ्यावे, अशी ही योजना आहे. तिचे नाव प्रदक्षिणा.

प्रदक्षिणा आणि पॅनोरामा ही दोन्ही वर्तुळे आहेत. मात्र त्यांची केंद्रे भिन्न आहेत. प्रदक्षिणेत केंद्रस्थानी देव असतो व माणूस परिघावर. पॅनोरामात माणूस केंद्रस्थानी असतो व सर्व काही परिघावर. भूमितीच्या भाषेत सांगायचे तर मंदिराची बाह्यभिंत पाहणाऱ्याच्या दिशेने फुगलेली असते आणि पॅनोरामाला पाहणाऱ्याला कवेत घेणारी पोकळी हवी असते. त्यामुळे बाह्यांगाच्या पॅनोरामात मंदिर एका कोपऱ्यात लहान होऊन बसते आणि उरलेली रुंदी विजेचे खांब, कुंपण व आकाश यांनी भरते. जवळून प्रयत्न केल्यास काटकोनात घडविलेले थर वक्र होतात. ज्या कारागिराने एकेक सांधा ओळंब्यात बसविला, त्याची मुख्य कामगिरीच चित्रातून खोटी ठरते.

मंदिराच्या आत गेल्यावर मात्र परिस्थिती पूर्णतः बदलते. सभामंडपाच्या मध्यभागी उभे राहिले की स्तंभ, तुळया, वितान आणि गर्भगृहाचे द्वार पाहणाऱ्याला सर्व बाजूंनी वेढतात. येथे गोलाकार परिदृश्य वास्तूच्या स्वभावाशी जुळते. सामान्य छायाचित्रात दोन स्तंभांपलीकडे न जाणारा मंडप त्यात प्रथमच सलगपणे आकळतो. वितानाकडे नजर वर करण्याची मुभा हेही त्याचे मोठे बलस्थान आहे.

याहूनही उद्बोधक उदाहरण कळंबचे आहे. आइन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठिकाण म्हणून नोंदलेले हे गाव आज चिंतामणी गणेशासाठी प्रसिद्ध आहे. विदर्भातील अष्टविनायकांत गणले जाणारे हे स्थान जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून कुंडाजवळ यावे लागते आणि तेथे दक्षिणाभिमुख मूर्तीचे दर्शन होते. ठराविक वर्षांनी कुंडाचे पाणी वर येऊन मूर्तीच्या चरणांना स्पर्श करते, अशी श्रद्धा आहे. सर्वसाधारण मंदिर आकाशाकडे चढते. हे पाण्याकडे उतरते. ड्रोनच्या नजरेला येथे भोवतालची घरे, छते आणि मधोमध एक खळगा यांपलीकडे काही गवसणार नाही. उलट कुंडाच्या तळाशी उभे राहून घेतलेले परिदृश्य ही वास्तू नेमकी समजावून देईल, कारण चारही बाजूंनी वर जाणाऱ्या भिंती आणि माथ्यावर उरलेला आकाशाचा तुकडा हाच तिचा मुख्य अनुभव आहे. विहंगम आणि परिदृश्य यांतील जो भेद मराठी संज्ञेने पुसला, तो कळंबच्या कुंडात स्पष्ट होतो. तथापि चतुर्थीची गर्दी वगळून घेतलेले कळंबचे चित्र तांत्रिकदृष्ट्या कितीही निर्दोष असले, तरी ते एका वापरातल्या वास्तूचे चित्र म्हणून अपुरेच राहील.

७. भूदृश्य : जे दिसते आणि जे दिसत नाही

निसर्गदृश्याच्या बाबतीत पॅनोरामावरील आक्षेपाचे स्वरूप वेगळे आहे. येथे रेषा वाकत नाहीत, अर्थ वाकतो. रेमंड विल्यम्स यांनी 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे भूमीचे 'दृश्य' होण्यासाठी पाहणारा आणि राबणारा यांच्यात अंतर पडावे लागते. यवतमाळच्या पठारावरील कपाशीचे शेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात पॅनोरामाला अत्यंत अनुकूल असते. काळी जमीन, पांढरी बोंडे, सागाच्या टेकड्या आणि त्यावर पसरलेले निरभ्र आकाश यांतून मोहक चित्र तयार होते. २००६ साली केंद्र शासनाने ज्या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे मदत-पॅकेज जाहीर केले, त्यांत हा जिल्हा होता, हे त्या चित्रावरून कळण्याचा मार्ग नाही. छायाचित्राने सर्व काही सांगावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु जो आकृतिबंध 'सर्व' दाखविण्याचा दावा करतो, त्याला हा प्रश्न विचारणे रास्त ठरते.

पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधबा हे दुसरे उदाहरण. यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर काळ्या खडकातून कोसळणारे हे पाणी पावसाळ्यात अनेक छायाचित्रकारांना आकर्षित करते. परिदृश्यात दोन्ही तीर एका सलग चित्राचे भाग होतात. इतिहासात मात्र हे दोन तीर दीर्घकाळ वेगळे होते. १८५३ च्या करारान्वये वऱ्हाड ब्रिटिशांच्या कारभाराखाली गेले. दक्षिण तीरावरील प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिला. जमीनमहसूल, शिक्षण आणि कारभाराची भाषा या सर्व बाबतींत नदीच्या दोन बाजूंचे अनुभव भिन्न होते. चित्रातील अखंडता निसर्गाची आहे, इतिहासाची नाही. चित्राखालच्या दोन ओळींच्या टिपेने ही उणीव भरून निघते. पण पॅनोरामा स्वयंपूर्ण असल्याच्या समजुतीमुळे बहुधा ती टीप लिहिलीच जात नाही.

वणी परिसर या चर्चेला तिसरे परिमाण देतो. खुल्या कोळसा खाणींतून उपसलेल्या माती-दगडांचे ढीग येथे टेकड्यांसारखे उभे आहेत. काही वर्षांनी त्यांवर गवत व झुडपे उगवतात. अनभिज्ञ पाहणाऱ्याला दूरच्या पॅनोरामात हे ढीग नैसर्गिक डोंगर वाटतील. एकाच ठिकाणाहून, त्याच दिशेने, ठराविक वर्षांच्या अंतराने घेतलेल्या परिदृश्यांची मालिका असेल, तर मात्र हेच माध्यम भूमीच्या रूपांतराचा बोलका पुरावा ठरेल. म्हणजे निसर्गदृश्यात पॅनोरामाची खरी शक्ती एका चित्रात नसून चित्रांच्या पुनरावृत्तीत आहे.

८. नोंद म्हणून पॅनोरामा

या चर्चेचे व्यावहारिक महत्त्व दस्तऐवजीकरणाच्या संदर्भात आहे. २०१३ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने गुगलच्या सहकार्याने देशातील शंभर प्रमुख स्मारकांची ३६० अंशी दृश्ये उपलब्ध करण्याचा उपक्रम हाती घेतला. २०२२ साली भारतात रस्त्यांची अशी दृश्ये दहा शहरांपासून सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नाशिक व अहमदनगर (आता अहिल्यानगर) ही शहरे होती, विदर्भातील एकही नव्हते. मोठ्या यंत्रणा प्रसिद्ध स्थळांपासून आरंभ करणार, हे स्वाभाविक आहे. परंतु ज्या वास्तू आधीच सुरक्षित आहेत त्यांची नोंद आणखी पक्की होते आणि ज्यांना नोंदीची निकड आहे त्या मागे राहतात, हा त्याचा परिणाम होय.

ही निकड काल्पनिक नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्याचे किंवा महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्याचे संरक्षण नसलेली अनेक प्राचीन मंदिरे गावोगावी आहेत. त्यांचा जीर्णोद्धार गावकरी भक्तिभावाने आणि वर्गणीतून करतात. त्या ओघात कोरीव स्तंभांना तैलरंग दिला जातो, दगडी फरशीवर चकचकीत टाइल्स बसतात आणि जुन्या गर्भगृहावर सिमेंटचे शिखर चढते. श्रद्धेला दोष देण्याचे कारण नाही. वास्तू वापरात राहिल्यामुळेच ती टिकली, हेही तितकेच खरे आहे. परंतु त्यापूर्वीची अवस्था कशी होती, हे सांगणारा पुरावा गावाकडेही नसतो आणि अभ्यासकाकडेही नसतो. या ठिकाणी अर्ध्या दिवसात सिद्ध होणारे सभामंडपाचे गोलाकार परिदृश्य अमूल्य ठरते. छायाचित्रकाराने काय निवडले आणि काय वगळले, हा प्रश्न त्यात गौण होतो. कारण निवडीस फारसा वाव नसल्याने नको वाटणारा कोपराही त्यात नोंदला जातो. पॅनोरामाची जी अलिप्तता कला म्हणून उणी वाटते, तीच नोंद म्हणून गुण ठरते.

बाह्यभिंतीसाठी मात्र वेगळी पद्धती स्वीकारावी लागेल. एडवर्ड रुशे याने १९६६ साली लॉस एंजेलिसच्या एका रस्त्यावरील प्रत्येक इमारत धावत्या वाहनातून टिपून ती घडीच्या लांब पट्टीवर मांडली. डेव्हिड हॉकनी याने १९८० च्या दशकात विषयाभोवती फिरत घेतलेली असंख्य छायाचित्रे, सांधे न लपवता, एकत्र जोडली. या दोन्ही प्रयोगांत कॅमेरा चालतो. मंदिराच्या भिंतीशी समांतर, समान अंतर राखून, प्रत्येक कोन व देवकोष्ठ यांसमोर थांबत घेतलेली छायाचित्रमाला ही प्रदक्षिणेचीच दृश्यभाषा होईल. अशा परस्परव्यापी छायाचित्रांपासून पुढे त्रिमितीय प्रतिकृतीही तयार करता येते. एका बिंदूवरून घेतलेल्या पॅनोरामापासून ती तयार होऊ शकत नाही, कारण खोलीची माहिती देणारा स्थानभेदच त्यात उरलेला नसतो.

इतिहास, मराठी, भूगोल आणि संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन जिल्ह्यातील महाविद्यालयांना हे काम करता येण्याजोगे आहे. त्यासाठी लागणारी साधने महाग नाहीत. शिस्त मात्र लागते. प्रत्येक चित्रासोबत गाव, दिनांक, वेळ, कॅमेऱ्याचे स्थान, जमिनीपासूनची उंची आणि दिशा नोंदलेली नसेल, तर सर्वोत्तम पॅनोरामाही दिनदर्शिकेच्या पानापुरताच उरतो.

९. निष्कर्ष

१. पॅनोरामा हा तटस्थ आकृतिबंध नाही. उंची, विस्तार व मोकळेपणा यांना तो अनुकूल असल्याने अशा स्थळांनाच वारसा मानण्याची प्रवृत्ती त्यातून बळावते आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यांतील अंतर्मुख वास्तू दुर्लक्षित राहतात.

२. मराठीतील 'विहंगम दृश्य' या संज्ञेने आकाशातील नजर आणि सभोवार फिरणारी नजर यांतील भेद झाकला आहे. समीक्षेत हा भेद राखणे आवश्यक आहे.

३. पॅनोरामा वास्तूच्या पोकळीला न्याय देतो, तिच्या बाह्यांगाला देत नाही. सभामंडप व कुंड यांसाठी तो समर्थ आहे. हेमाडपंती मंदिराच्या बाह्यभिंतीसाठी प्रदक्षिणामार्गाने घेतलेली छायाचित्रमाला अधिक सत्यनिष्ठ ठरते.

४. निसर्गदृश्याचा एकटा पॅनोरामा श्रम, इतिहास व परिवर्तन यांना अदृश्य करतो; ठराविक काळाने घेतलेली दृश्यमालिका आणि नेमकी टीप यांमुळे तो पुरावा बनतो.

५. असंरक्षित मंदिरांचे जीर्णोद्धारापूर्वीचे दृश्य-दस्तऐवजीकरण ही तातडीची गरज असून स्थानिक महाविद्यालयांनी ती जबाबदारी स्वीकारणे शक्य आणि उचित आहे.

सर्व दिशांना पाहता येणे म्हणजे सर्व काही पाहणे नव्हे. कॅमेरा कोठे स्थिर ठेवावा आणि कोठे त्याने वास्तूभोवती चालावे, हे ठरविण्याचा अधिकार तंत्राकडून वास्तूकडे परत जाणे, ही या क्षेत्रातील पुढील कामाची पहिली पायरी आहे.